घंटा सुटली, माणूस राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कच्च्या कैद्यांना, म्हणजे निकाल लागण्याआधीच आत असलेल्यांना, सोडण्याच्या बातम्या आपल्या दैनिकात हल्ली वरचेवर येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं, की पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायचं. इतरांसाठी ती मुदत निम्मी. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ही तरतूद आधीपासून आत असलेल्यांनाही लागू केली. त्यासाठी अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे. उत्तम झालं. पण सुटकेच्या या याद्यांत एक कैदी सहसा सापडत नाही. आपण कुठे आहोत, कशासाठी आहोत, समोर काळा कोट घालून बसलेला गृहस्थ कोण, हेच ज्याला उमगत नाही, तो. त्याच्याबद्दल हे पत्र.

माझी सगळी नोकरी कोर्टात गेली. त्यातली बरीच वर्षं फौजदारी कोर्टात बेंच क्लार्क म्हणून. बेंच क्लार्क म्हणजे साहेबांच्या पुढ्यात खाली बसणारा, फायली वर देणारा आणि रोजनामा लिहिणारा माणूस. कोर्टात काय घडलं ते वकिलांना विचारलं तर दोन बाजू कळतात. रोजनाम्यात फक्त एवढंच दिसतं की आज काय झालं आणि पुढची तारीख कोणती. त्यामुळे मी जे लिहितोय ते कायदेपंडित म्हणून नव्हे, तारखा लिहिणारा माणूस म्हणून.

आमच्याकडे किरकोळ चोरीतल्या शहाण्या, म्हणजे मन ठिकाणावर असलेल्या, आरोपीचं काय व्हायचं, ते आधी सांगतो. दोन दिवस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. जामीन झाला तरी जामीनदार मिळत नाही, कारण सातबारा घेऊन कोर्टात यायला कुणाला वेळ आहे? मग दोन-चार महिन्यांत आरोपी स्वतःच अर्ज देतो, 'गुन्हा कबूल आहे, गरीब आहे, दया व्हावी.' साहेब आत काढलेले दिवस हीच शिक्षा धरतात, वर थोडा दंड लावतात आणि तो संध्याकाळच्या गाडीने गावी जातो. हे न्यायाला धरून आहे का, हा वेगळा विषय. पण व्यवहार असा चालतो.

आता तोच चोर मनाने आजारी असला तर? त्याची कबुली घेता येत नाही आणि घेऊही नये. ज्याला आरोप कळत नाही त्याच्यावर खटला चालवायचा नाही, हे कायद्याचं मोठं दयाळू तत्त्व आहे. म्हणून खटला थांबतो. खटला थांबला की शिक्षा नाही, निर्दोष सुटकाही नाही. शहाणा चोर तीन महिन्यांत घरी आणि आजारी माणूस वर्ष उलटलं तरी बराकीत. दयेचा कायदा ज्याच्यासाठी केला त्यालाच जास्त दिवस आत ठेवतो, हे मी माझ्या हाताने लिहिलेल्या रोजनाम्यांत पाहिलेलं आहे.

एक प्रकरण सांगतो. गाव, तालुका, कोर्ट, कुणाचंच नाव सांगणार नाही. जुन्या दंडविधानाच्या दिवसांतली गोष्ट. महादेवाच्या देवळातून रात्री एक पितळी घंटा आणि एक तांब्याचा गडू गेला. पंचनाम्यात किंमत साडेसहाशे रुपये. सकाळी हायवेच्या कडेने चालत जाणारा एक तिशी-पस्तिशीचा माणूस सापडला. गळ्यात सुतळीने बांधलेली घंटा, हातात गडू. पळाला नाही, लपला नाही. तपास करावाच लागला नाही म्हणून फौजदार खूश. कलम लावलं ३८०, म्हणजे इमारतीतली चोरी, सात वर्षांपर्यंत शिक्षा. साध्या चोरीचं ३७९ लावलं असतं तर फिर्यादीला तडजोड करता आली असती. ३८० मध्ये ती सोय नाही. हा एका आकड्याचा फरक ठाण्यात बसून रायटर, म्हणजे कागद लिहिणारा पोलीस, ठरवतो. ठरवताना त्याच्या मनात काही वाईट असतं असंही नाही. देऊळ इमारत आहे, मग ३८०.

अटकेनंतर सरकारी दवाखान्यात नेऊन तपासलं. तपासणीचा कागद मी पाहिला आहे. नाडी, रक्तदाब, अंगावर जखमा नाहीत, कस्टडीसाठी योग्य. हे सगळं खरंच होतं. डॉक्टरने त्याला नाव विचारलं असणार आणि त्याने उत्तर दिलंही असणार. पण ते उत्तर काय होतं हे लिहायला त्या कागदावर जागा नव्हती.

कोर्टात उभा केला तेव्हा नाव विचारलं की तो म्हणायचा, "मोहोळ, शेटफळ, मोडनिंब, टेंभुर्णी." बापाचं नाव? "मोहोळ, शेटफळ, मोडनिंब, टेंभुर्णी." आवाज चढा नाही, भांडण नाही. एका लयीत म्हणायचा, टेंभुर्णीला थांबायचा, पुन्हा मोहोळपासून सुरू. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळालेल्या वकीलबाई नवीन होत्या पण चांगल्या होत्या, त्यांनी लगेच अर्ज दिला. साहेबांनी सिव्हिल सर्जनला पत्र दिलं. तिथे त्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. पुढच्या वेळी तज्ज्ञ होते, पण कारागृहातून आणायला गार्ड नव्हता. गार्ड म्हणजे पोलीस मुख्यालयाची पार्टी. गणपती आले की पार्टी नाही, निवडणूक आली की नाही, मंत्री आले की नाही. असं करत करत एकदाचा प्रादेशिक मनोरुग्णालयात पोहोचला. आपल्या राज्यात अशी चार जुनी रुग्णालयं आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, आणि उरलेला सगळा महाराष्ट्र त्यांच्यापासून लांब आहे. अहवाल आला: स्किझोफ्रेनिया, सध्या खटल्याला सामोरं जाण्याच्या स्थितीत नाही, उपचार आवश्यक. साहेबांनी खटला तहकूब केला.

इथपर्यंत सगळं नियमाने झालं. खरी गोची इथून पुढे आहे. कोठडीतल्या आरोपीला एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त रिमांड देता येत नाही, म्हणून दर पंधरवड्याला फाइल बोर्डावर येणार. आरोपी व्हिडिओ कॉन्फरन्सवर 'हजर'. पडद्यावर एका रांगेत दहा-बारा जण उभे केलेले असतात, कारागृहातला शिपाई एकेकाला कॅमेऱ्यापुढे सरकवतो, नाव पुकारलं, चेहरा दिसला, पुढचा. रोजनाम्यात ओळ ठरलेली: 'आरोपी व्ही.सी.द्वारे हजर. एमसीआर वाढवण्यात आली.' म्हणजे तारीख पडत होती. पण ती कोठडीची तारीख होती, खटल्याची नव्हे. त्याला गोळ्या मिळतात का, तो आता बरा आहे का, पुन्हा तज्ज्ञांना कधी दाखवायचं, यातलं काहीही त्या तारखेला कुणी विचारत नव्हतं, कारण विचारायचं असं कुठे छापलेलं नव्हतं. मग मे महिना आला, साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांच्या टेबलावर दोन हजारांच्या वर प्रकरणं. तहकूब प्रकरण हे कुणालाच टोचत नाही.

मधल्या काळात देवळातले गुरव येऊन गेले. त्यांना घंटा हवी होती, श्रावण तोंडावर होता. मुद्देमाल सुपूर्तनाम्यावर परत द्यायची सोय कायद्यात आहे. अर्ज झाला, सरकारी वकिलांची हरकत नाही, फोटो काढून घेतले, घंटा आणि गडू परत. जेमतेम आठवडा लागला. सही करताना गुरवांनी मला विचारलं, "आणि त्या माणसाचं काय केलंत हो? त्याला सोडा म्हणावं. ट्रस्टींनी फिर्याद द्यायला लावली म्हणून मी दिली." मी त्यांना ३८० आणि ३७९ मधला फरक सांगितला. ते ऐकून घेऊन "बरं" म्हणाले आणि घंटा पिशवीत घालून गेले.

तो सुटला तो कोर्टाच्या किंवा कारागृहाच्या कर्तबगारीने नव्हे. कोर्ट पैरवीला, म्हणजे पोलिसांचं कोर्टातलं काम बघायला, एक हवालदार नवीन आला, सोलापूरकडचा. एका तारखेला पडद्यावर त्याला ते म्हणणं ऐकू आलं. कागदावर लिहिलं होतं, 'आरोपी असंबद्ध बोलतो.' हवालदार मला म्हणाला, "असंबद्ध कुठं साहेब? सोलापूर-पुणे रोडचे स्टॉप आहेत, एकसुद्धा चुकीचा नाही. आणि टेंभुर्णीच्या पुढं जात नाही बघा." त्याने स्वतःच्या ओळखीने तिकडच्या ठाण्यात फोन फिरवले. बेपत्ताची नोंद मिळाली. आई मिळाली. मुलगा पूर्वी एसटीत पाण्याच्या बाटल्या विकायचा, मोहोळला चढून टेंभुर्णीला उतरायचा. बाई आली ती निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत त्याचे सगळे केसपेपर घेऊन. महिन्याचं इंजेक्शन चालू होतं, ते एकदा चुकलं आणि तो घरातून निघाला, एवढंच तिचं सांगणं. आता बघा, त्या पिशवीतल्या पहिल्या कागदावर जे निदान होतं, तेच शोधायला आमच्या यंत्रणेला गणपती आणि निवडणूक एवढा वेळ लागला होता.

वकीलबाईंनी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३३० खाली अर्ज केला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच ३६९ आहे. त्याचा अर्थ साधा आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, आरोपीला रुग्णालयात भरती ठेवण्याइतका आजार नसेल आणि मित्र किंवा नातेवाईक त्याला नियमित उपचार देण्याची आणि तो स्वतःला किंवा इतरांना इजा करणार नाही याची हमी देत असेल, तर त्याला सोडायचं. सातबारा नको, ऐपतीचा दाखला नको. आईच्या अंगठ्यावर तो सुटला. हे कलम मी त्याआधी क्वचितच वापरलेलं पाहिलं होतं.

याच्या शेजारचं कलम तर जवळपास कुणी उघडतच नाही. २००९ मध्ये दुरुस्ती होऊन आलेली तरतूद आहे, आता कलम ३६८ मध्ये. खटला थांबवण्याआधी मॅजिस्ट्रेटने आरोपीला काही न विचारता, फक्त वकिलाचं ऐकून आणि कागद तपासून हे पाहायचं, की मुळात प्रथमदर्शनी प्रकरण उभं राहतं का. राहत नसेल तर तहकूब करायचं नाही, सरळ दोषमुक्त करायचं. राहत असेल तर तहकूब करायचं, पण किती काळ? मानसोपचारतज्ज्ञांच्या मते उपचाराला लागेल तेवढाच काळ. म्हणजे कायद्याला बेमुदत तहकुबी मान्यच नाही. डॉक्टर म्हणाले सहा महिने, तर सहा महिन्यांनी फाइल जिवंत झाली पाहिजे. आमच्याकडे आलेल्या अहवालांत 'उपचार आवश्यक' असायचं. किती काळ, हे कोर्टाने विचारलेलं नसायचं, म्हणून डॉक्टरांनी लिहिलेलं नसायचं.

ज्यांना वाटतं की हे एखाद्या तालुक्याचं रडगाणं आहे, त्यांनी आसामच्या मचांग लालुंगचं प्रकरण आठवावं. १९५१ मध्ये गंभीर दुखापतीच्या आरोपाखाली पकडलेला आदिवासी तरुण. तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवला. १९६७ मध्ये रुग्णालयाने कळवलं की हा बरा आहे. त्यावर त्याला घरी पाठवायचं तर गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवलं. खटला कधी चाललाच नाही. मानवाधिकार आयोगाने लक्ष घातल्यावर २००५ मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो बाहेर आला, वय सत्त्याहत्तर. सर्वोच्च न्यायालयाने तीन लाखांची भरपाई दिली. ती खायला तो दोन वर्षं जगला. या चोपन्न वर्षांत त्याच्यावर कुणी जुलूम केला असं नाही. फक्त त्याची फाइल कुणाच्या टेबलावर नव्हती.

तेव्हा सगळे हळहळले आणि वाटलं, आता असं होणार नाही. १९८० मध्ये दार्जिलिंगमध्ये पकडलेला नेपाळचा दीपक जोशी तेव्हाही आतच होता आणि पुढेही आतच राहिला. खुनाचा आरोप, मानसिक अवस्थेमुळे खटला उभा राहत नव्हता. २०२१ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, तेही सोबतच्या एका कैद्याने बाहेर आल्यावर कुणाला तरी सांगितलं आणि हॅम रेडिओवाल्यांनी, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश चालवणाऱ्यांनी, नेपाळमधलं त्याचं घर शोधून काढलं म्हणून. आमच्या हवालदारासारखंच. घर शोधणं हे ज्यांचं काम नाही, त्यांनीच ते दर वेळी केलेलं दिसतं.

आपल्याच मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. त्यामुळे निव्वळ वेडसर आहे म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. पण स्टँडवर आरडाओरडा करणाऱ्याने हवालदाराचा हात झटकला, की सरकारी कामात अडथळा. मग तो आरोपी होतो आणि कायदेशीरपणे आत जातो. बारसेबाईंनी मागचं दार बंद केलं, पुढचं उघडंच आहे.

आता आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्ची. चारातले तीन. मानसिक आजाराची नोंद मात्र देशभर मिळून साधारण नऊ हजारांच्या आसपास कैद्यांची असते, म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बाहेरच्या प्रौढांमध्ये हे प्रमाण १०.६ टक्के निघालं होतं. आपल्या चाळीत, सोसायटीत, गावात शंभरात दहा जण आजारी आणि दाटीवाटीच्या बराकीत, घरापासून तुटलेल्या, उद्याचं काही माहीत नसलेल्या माणसांत शंभरात दोन! तुरुंगाची हवा मनाला इतकी मानवत असेल तर आपण सगळ्यांनीच जाऊन यायला हरकत नाही. उघड आहे की मोजलेच जात नाहीत. जो ओरडतो, कपडे फाडतो, डोकं आपटतो, तो मोजला जातो. जो कोपऱ्यात बसून जेवण सोडतो, तो 'शांत बंदी'.

न मोजण्याला कायद्यानेही हातभार लावला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०३ वाचावं. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा. कशाचा? तर कारागृहात मानसिक आजार असलेला एकही बंदी नाही, असं प्रमाणित करणारा. हेतू चांगला आहे, असा बंदी असेल तर त्याला उपचाराच्या जागी हलवलेलं असावं. पण सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, 'निरंक' लिहिल्याने सुटका होत असेल तर माणूस काय लिहील? त्याच कलमात पुढे मंडळाला कारागृहात जाऊन पाहण्याचा आणि असा बंदी इथे का ठेवला हे विचारण्याचा अधिकार दिला आहे. प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र उभारायचं, हेही त्यातच आहे.

साहेबांबरोबर कारागृह तपासणीला मी गेलेलो आहे. तिथले सगळे राक्षस असतात असं मी म्हणणार नाही. एका कारागृहात मिश्रक, म्हणजे औषधं देणारा कर्मचारी, मनोरुग्ण कैद्यांना गोळी स्वतःच्या समोर गिळायला लावायचा आणि जीभ वर करून दाखवायला सांगायचा, कारण बराकीत झोपेच्या गोळीला भाव असतो आणि दुबळ्याच्या हातातून ती जाते. त्याला ही गोष्ट कुणी शिकवलेली नव्हती. पण बहुतेक ठिकाणी पाहिलं ते असं: रात्री बडबडणाऱ्याला आधी बराकीतलेच चोपतात, मग तक्रार होते, मग त्याला सेपरेटमध्ये, म्हणजे एकट्याच्या कोठडीत, टाकतात. बडबड वाढते.

मुलाखतीच्या दिवशी आई-बाप गोळ्या घेऊन येतात, तर 'बाहेरचं औषध चालत नाही.' सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कुणी काहीही आणील. पण ती गोळी घेऊन आतल्या डॉक्टरला दाखवायची आणि तीच आतून सुरू करायची, एवढं तरी व्हावं. ही औषधं एकदम तोडली की आजार उसळतो, काहींना रक्ततपासणी केल्याशिवाय देताच येत नाही. अटकेची रात्र ते कारागृहातला पहिला आठवडा, एवढ्यात घडी विस्कटते. नंतर सावरायला महिने जातात.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. सरकारी वकील कायम म्हणायचे, "वेड पांघरून पेडगावला निघालाय." सोंग करणारे असतात, मी पाहिलेत. खुनाच्या आरोपातला एकजण कोर्टात येताना डोक्यावर धोतर गुंडाळून यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत वकिलाशी फीची घासाघीस करायचा. पण सोंग ओळखायला रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवायची पद्धत आहे आणि त्या निरीक्षणात असली सोंगं फार दिवस टिकत नाहीत. आणि गंमत म्हणजे सोंग करणाऱ्याला वकील असतो, पैसा असतो, चांगलं सर्टिफिकेटही असतं. खऱ्या आजाऱ्याला आपण आजारी आहोत हेच मान्य नसतं. सोंगाड्यांच्या भीतीपायी खऱ्यांची तपासणी लांबवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला धरणं.

दुसरा घोळ वकील मंडळींचा. गुन्हा करतेवेळी मन ठिकाणावर होतं का, हा एक प्रश्न. जुन्या दंडविधानातलं ८४, आता भारतीय न्याय संहितेतलं २२. तो शेवटी, पुराव्यावर ठरतो आणि तो शाबीत करायचा भार आरोपीवर असतो. आज हा माणूस खटला समजू शकतो का, हा वेगळा प्रश्न आणि तो आधी सुटला पाहिजे. कितीतरी अर्जांत दोन्हींची खिचडी केलेली असायची आणि मग अर्ज फेटाळला जायचा.

कलम ४७९ बद्दलही एक शंका आहे, ती जाणत्यांनी सोडवावी. त्यात खाली स्पष्टीकरण आहे की आरोपीमुळे झालेल्या विलंबाचा काळ मोजायचा नाही. आजारामुळे खटला तहकूब राहिला तर तो विलंब कुणाच्या नावावर? आरोपीच्या नावावर टाकला तर या माणसांचं एक तृतीयांश कधीच भरणार नाही. उच्च न्यायालयाने याबद्दल एखादं परिपत्रक काढलं तर खालच्या कोर्टांतला संभ्रम जाईल.

मला फार मोठ्या सुधारणा सुचत नाहीत. नवीन रुग्णालयं व्हावीत, मानसोपचारतज्ज्ञांच्या जागा भराव्यात, हे सगळेच म्हणतात. मी टेबलापुरतं बोलतो. रिमांडच्या छापील ओळीच्या खाली आणखी एक ओळ छापा: शेवटची मानसोपचार तपासणी कधी, पुढची कधी. बेंच क्लार्क ती रिकामी ठेवणार नाही. रिकामी जागा आम्हाला सहन होत नाही. अटकेच्या नमुन्यात एक प्रश्न घाला की आरोपीला कोणतं औषध चालू आहे, आणि तो आरोपीला नव्हे, घरच्याला फोन करून विचारा. कायदा 'मित्र किंवा नातेवाईक' म्हणतो. मग ज्याला नातेवाईक नाही त्याच्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक, एखादी संस्था, गावचा सरपंच मित्र म्हणून का उभा राहू नये? मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांसाठी काम करतो. तिथले समाजकार्यकर्ते हमी देणाऱ्यांची साखळी बांधू शकतील. ते तालुक्यापर्यंत पोहोचत नाहीत, हे मात्र खरं.

आणि जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांच्या आढाव्याची समिती असते. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवाचे सचिव, कारागृह अधीक्षक सगळे एका टेबलाला बसतात. कुणाची प्रकरणं पाहायची याच्या यादीत मानसिक आजारामुळे खटला थांबलेल्यांचा वर्ग आहेच. माझी एवढीच विनंती आहे की आपल्या जिल्हा वार्ताहरांनी या समितीच्या बैठकीनंतर फक्त एक गोष्ट विचारावी: या वर्गात किती नावं होती आणि त्यातलं सर्वांत जुनं प्रकरण कोणत्या सालचं. नावं छापू नयेत, साल छापावं. कुणी 'निरंक' म्हणालं तर तेही छापावं, तारखेसह.

माझं नाव मात्र छापू नये. नोकरीतल्या लोकांची भीती मला आता उरलेली नाही. पण नावावरून तालुका कळेल, तालुक्यावरून देऊळ कळेल आणि आमच्याकडे घंटा चोरीला गेलेलं देऊळ एकच आहे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
(नाव व पत्ता संपादकांकडे)